बासष्टांतला मामा

दिलावर : पोप बदलून तुमचा फायदा किती, ते आधी बोला राहीबाई. घोडेगावच्या बाजारात वीस वर्षं दलाली करतोय मी. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते नंतर, कशासाठी पाहिजे ते आधी.

राहीबाई : फायदा? माज्या भावाची, गहिनीनाथाची पोरगी सून म्हनून घरात येती. आई-बाप गेले माजे, दिलावरभाई. भाऊ तेवढा उरलाय. त्येची पोरगी माज्या घरात आली म्हंजी माजं माहेरच माज्या वसरीवर येऊन बसलं.

दिलावर : हा एक झाला. पुढं?

राहीबाई : पोरगी हाताखालची हाय. माज्यावानीच भाकरी थापती. माज्या लेकाला न्हानपनापासनं मारती. नव्यानं काय शिकवाया नको.

दिलावर : दोन. आणि पोप आहे तोच राहिला तर?

राहीबाई : रैवारी मिरजगावची मानसं सुपारी फोडाया येनार. भाऊ म्हनला, आक्का, रैवारच्या आत तुजा कागद पुन्याच्या रस्त्याला लागला तर पोरगी तुजी. न्हाईतर मिरजगावची. आज शुक्रवार.

दिलावर : म्हणजे मधे एक दिवस. खोंड विकायला आलात आणि गळ्यात पोप बांधलात माझ्या. मास्तर, तुम्ही तरी नीट सांगा. मिशनच्या शाळेत मुलांना शिकवता, फादरांचा पत्रव्यवहार बघता. पोपाला ह्या पोरीशी काय घेणं? आमच्यात मामाची चालते, चुलत्याचीही चालते. ह्यांच्या शेजारच्या मराठ्यांत तर मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्कच धरतात.

मास्तर : आमच्या चर्चच्या कायद्यात मामेबहीण ही बहीणच, दिलावरभाई. लग्न निषिद्ध. अपवाद म्हणून वरून सवलत मिळू शकते. आधी फादर, मग पुण्याचे बिशप आणि शेवटचा अधिकार रोमचा. माझं एवढंच म्हणणं होतं, की कायदा तो कायदा.

राहीबाई : आन् माजं म्हननं, ह्यो पोप नसता तर? मास्तरांनीच सांगितलं, मागच्या टायमाला पोप निवडाया बासष्ट जनं हुते. बासष्टांतला दुसरा कुनी बी झाला असता. म्हनून तर त्येंना पंचांग घिऊन यायला लावलं. दावा की.

मास्तर : हे एकोणचाळीस सालचं मिशनचं पंचांग. लढाईच्या आधीचं. हे फोटो कार्डिनलांचे. पोप ह्यांच्यातूनच निवडतात. ह्यांना आत कोंडून बाहेरून कुलूप लावतात. ते गुप्त मतं देतात. दोनतृतीयांश एकीकडे झाली, की धुराड्यातून पांढरा धूर सोडतात. नाही झाली तर काळा.

दिलावर : किती दिवस लागले?

मास्तर : एक.

दिलावर : एका दिवसात पोप? मी एक गाय तीन बाजार हिंडवतो!

राहीबाई : तेच म्हनते मी. नीट बघितलंच न्हाई कुनी. बघा, दिलावरभाई. तुमची नजर पारखी हाय.

दिलावर : तोंडं मिटलेली आहेत सगळ्यांची. दात दिसल्याशिवाय मी वय सांगत नाही. बरं, हा पहिला. गालफडं भरलेली, गळ्याला वळ्या. हा कसा?

राहीबाई : खानारा दिसतोय. खानाऱ्याला लगीन आवडतं. ह्यो परवानगी दील.

मास्तर : देतीलही. पण असा पोप सणवार वाढवील. सणाला आपल्याला काम वर्ज्य. वर्षाला दहा सण वाढले, तर दहा दिवस तुम्ही खुरपायला जाणार नाही, आणि बागाईतदार तेवढी मजुरी कापणार.

राहीबाई : खानार ह्यो, आन् उपाशी आमी? ऱ्हाऊ द्या. ह्यो दाढीवाला कोन?

मास्तर : ते पूर्वेकडचे. त्यांच्या बाजूला काही पाद्री लग्न केलेले असतात, असं फादर सांगत होते.

राहीबाई : पाद्र्याला बायकू! मग ह्यो तर पोरांच्या लग्नाला नगं म्हननारच न्हाई. ह्योच करा.

दिलावर : दमानं घ्या, बाई. हा पोप झाला तर तुमचे फादरही लग्न करतील. मिशनची कोठी मग कुणाच्या हातात?

राहीबाई : ...बायकूच्या.

दिलावर : दुष्काळात ज्वारी कुणाच्या मापानं मिळणार? आणि शाळेत मास्तर कोण होणार?

राहीबाई : तिचा भाऊ! मास्तर, तुमची नोकरी गेली बघा.

मास्तर : माझा ह्या उमेदवाराला विरोध आहे. तत्त्वतः.

दिलावर : तत्त्व पगाराच्या पिशवीतच असतं मास्तर, लाजू नका. हा पुढचा, उंच, गोरापान?

मास्तर : अमेरिकेचे. नाही, मुळीच नाही. नगरची अमेरिकन मिशनची मंडळी काय म्हणतील? इतकी वर्षं ते आपल्याला सांगतात, पोप सोडा. हे पोप झाले, की म्हणतील, बघा, शेवटी आमच्याच मुलखातला लागला तुम्हाला. बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

राहीबाई : माजी जाऊ त्येंच्याच मिशनात हाय. ती तर दारात उभी ऱ्हाऊन हसंल. पुसून टाका त्येला.

दिलावर : मग हा हसरा. चष्मा आहे, कान मोठे.

राहीबाई : थांबा. जवळ आना. ...ह्येला भन हाय.

मास्तर : भन म्हणजे... बहीण? पंचांगात तसं काही दिलेलं नाही, बाई.

राहीबाई : पंचांगात कशाला पायजे? तोंड बघा की. भनीनं कडंवर घिऊन वाढवल्यालं पोर असंच हसतं. ह्येला भन हाय, भनीला लेक हाय, म्हंजी ह्यो मामा हाय. मामाला भाच्याचं कळतं. आत्ता बासष्टांत मामा कोन, एवढंच बघायचं हुतं. ह्यो घावला.

मास्तर : पण मामा असणं ही पात्रता कायद्यात...

दिलावर : मास्तर, वाद नको. निवडणूक करू. गुप्त मतदान म्हणालात ना? बाजारात रोज होतं. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. कुणाला दिसत नाही. एक बोट म्हणजे जाड्या, दोन म्हणजे दाढी, तीन अमेरिका, चार हसरा. तिघांचं मत. दोन पडली की पोप झाला.

मास्तर : तुम्ही मुसलमान आहात, दिलावरभाई. पोपच्या निवडणुकीत तुमचं मत...

दिलावर : म्हणून तर खात्रीचं. माझा कुणी पाहुणा नाही त्यांच्यात. चला बाई, हात द्या.

राहीबाई : बाजारात परक्या मानसाच्या हातात हात दिऊ व्हय?

दिलावर : पोप निवडतोय, पाट लावत नाही.

राहीबाई : जीब आवरा. न्हाईतर खोंड दुसऱ्या दलालाकडं नेते. ...हं. घ्या.

(दिलावर खांद्यावरचा रुमाल पसरतो. खाली एका बाजूनं राहीबाईंचा हात, दुसऱ्या बाजूनं मास्तरांचा. जवळून जाणारे दोघे-तिघे कुठलं जनावर म्हणून बघायला थांबतात. जनावर दिसत नाही तसे पुढे जातात.)

दिलावर : बाईंनी चार बोटं दाबली. नखं लागेपर्यंत. माझंही मत चारला. मास्तर, तुम्ही नुसता हात ठेवलाय. बोटं?

मास्तर : मी कुणालाच दाबणार नाही. माझं मत आहेत त्याच पोपना.

दिलावर : त्यांचा आकडा नाही रुमालात. आणि तुमच्यावाचूनही तिघांत दोन झाले. हसरा आला निवडून! थांबा, बिडी पेटवतो. धूर पाहिजे ना. ...कुठला आहे हा, पांढरा का काळा?

राहीबाई : भुरका. चालंल त्यो बी. मास्तर, आता ह्यो मामा झालाच पोप, तर परवानगी दिली का न्हाई? बोला.

मास्तर : दिली असती, बाई. पण आहेत त्या पोपांवर हा अन्याय आहे. म्हणून मी मत दिलं नाही. त्यांनी काही केलेलं नाही.

दिलावर : नाही म्हणाले ना? तेवढं पुरे की.

मास्तर : नाहीही म्हणालेले नाहीत.

दिलावर : म्हणजे?

मास्तर : त्यांना विचारलेलंच नाही. कागद अजून माझ्या पिशवीत आहे.

दिलावर : काय? अर्धा बाजार उठला, मी मुसलमान असून पोप निवडला, आणि आधीच्याला कुणी विचारलंच नाही? टपाल बंद आहे का?

मास्तर : लढाईत होतं. आता सुरू आहे. कागद सगळा भरलाय. मुलाचं नाव, मुलीचं नाव, नातं, दोघांचे बाप्तिस्मे. एकच ओळ रिकामी आहे. सवलत कोणत्या कारणासाठी, ती. त्या ओळीवाचून फादर सही करत नाहीत.

राहीबाई : म्या कारन सांगितलं हुतं. मला ती पायजे.

मास्तर : फादर म्हणाले, हे कारण नव्हे, ही इच्छा झाली. त्यांच्या पुस्तकात कारणं ठरलेली आहेत. एक, गाव लहान असून आपल्या धर्मातलं दुसरं स्थळ नाही.

दिलावर : मग लिहा की.

मास्तर : आमच्या गावात चाळीस घरं कॅथलिक आहेत. सगळ्यांना बाप्तिस्मा फादरांनीच दिला. गाव लहान आहे असं लिहायचं, म्हणजे फादरांनी आपलंच काम खोडायचं. दुसरं, मुलीचं वय चोवीसच्या पुढे गेलंय.

दिलावर : पोरगी केवढी?

मास्तर : सतरा. जन्मतारीख फादरांच्या हातची. तिसरं, मुलीला हुंडा नाही, म्हणून तिला दुसरा कुणी करत नाही. हे लागू पडलं असतं. पण खाली मुलीच्या बापाचा अंगठा लागतो.

राहीबाई : भावाला वाचून दावलं तर त्यो कागदच फाडाया उठला. म्हनला, मिरजगावकर बैलगाडी जुंपून यायलेत, आन् माज्या पोरीला कुनी इचारत न्हाई असं लिव्हू व्हय?

दिलावर : असं आहे तर. म्हणून तुम्ही पोपच बदलायला निघालात.

राहीबाई : मग काय करू? भावाच्या पोरीला बट्टा लावू? त्यापरीस पोप बदलल्याला बरा. त्येच्या मागं बासष्ट हायेत. पोरगी येकच हाय.

दिलावर : ऐका, बाई. जनावर खपत नसलं तर मी दोन जागी खोट शोधतो. जनावरात, नाहीतर ते ज्या गोठ्यात जायचं त्या गोठ्यात. पोरगी चोख आहे, मान्य. मग गोठ्याचं लिहा.

राहीबाई : म्हंजी माजा लेक? त्येच्यात काय खोट हाय? बिडी न्हाई, तमाशा न्हाई. मान खाली घालून नांगर धरतो.

दिलावर : गोठ्यात तो एकटाच नाही.

राहीबाई : म्हंजी? मी?

दिलावर : मी काही बोललो नाही.

राहीबाई : मास्तर, त्या पुस्तकात सासूचं काय हाय का?

मास्तर : सासूचं असं नाही. शेवटी ‘इतर सबळ कारण’ अशी एक ओळ आहे.

राहीबाई : मग लिव्हा त्या वळीत. पोराची आई लई खाष्ट हाय. आतापातूर दोन पोरींची बोलनी हिच्यापायी मोडली. भावाच्या लेकीबिगर दुसरी कुनी हिच्या हाताखाली नांदायची न्हाई.

मास्तर : हे खरं आहे का? फादर शपथ घालतील.

राहीबाई : दोन बोलनी मोडली, हे खरं. मीच मोडली. मला भावाचीच पायजे हुती.

मास्तर : अं... ‘वराची माता अत्यंत तापट स्वभावाची असून...’

राहीबाई : तापट म्हंजी?

मास्तर : खाष्ट.

राहीबाई : मग खाष्टच लिव्हा. उगा मऊ करू नगा, परत यायचं.

दिलावर : आणि रोमला मराठी कोण वाचणार?

मास्तर : पुढे फादर लॅटिनमध्ये करतील.

दिलावर : लॅटिनमध्ये खाष्ट सासूला शब्द असेल?

मास्तर : दोन हजार वर्षांचं चर्च आहे, दिलावरभाई. असेल. पण बाई, एक सांगतो. फादर हे तपासल्याशिवाय पुढे धाडणार नाहीत. गावातल्या दोघांना बोलावून विचारतील, ही बाई खरंच अशी आहे का. मग गावभर होईल. पुढे तुमच्या धाकट्याला कुणी मुलगी देताना दहांदा विचार करील.

राहीबाई : धाकटा आठ वर्सांचा हाय. तवर मी म्हातारी हुईन. इचारू द्या. आख्खं गाव पळत यील साक्षीला. माजी जाऊ तर चालत पुन्यापातूर जाईल.

दिलावर : अजून विचार करा. हे नाव एकदा लागलं की पुसलं जात नाही. मी बैलाचं म्हणतोय.

राहीबाई : शाई द्या, मास्तर. कुठला अंगठा? डावा का?

मास्तर : डावा. ...जरा दाबून. झालं.

दिलावर : आता तुमचा सौदा मोजतो, बाई. पोपांचं काही गेलं नाही, त्यांना एक सही. फादरांची चाळीस घरं चाळीसच राहिली. भावाची मान ताठ. मास्तरांची नोकरी शाबूत, आणि निवडून आलेला मामा बिचारा परत पंचांगात गेला. सगळे नफ्यात. भरलं ते एकट्या तुम्ही. उभ्या जन्माचं नाव.

राहीबाई : भरू द्या. मास्तर, आजच फादरकडं न्या कागद. आन् वाटंत पोरगी भेटली तर तिला वाचून दावू नगा. तिला खरं वाटंल.