विसावं नाव

नाही हो, आकडा बरोबरच आहे, सुंदुसबाई—वीस. एकोणीस नाही, वीस. पुन्हा मोजा हवं तर. अम्मानहून एवढ्या लांब तपासणीला आलात ते काय माझा चहा प्यायला? पण प्या, निवतोय. मिरमिय्याचा पाला घातलाय, पोटाला बरा—साखर तिकडे आहे.

बावीस वर्षं मी हेच करतेय. पोराला कोंडायचं नाही, घरीच राहू दे, असं न्यायाधीश म्हणाले की त्याच्यावर नजर ठेवणारी बाई म्हणजे मी, रुदैना. पोरं मावशी म्हणतात. तोंडावर मावशी—मागे काय म्हणतात ते ठाऊक आहे मला, जाऊ द्या. हा खालून आवाज येतोय ना, तो आमचा वर्कशॉप. अबू सुहैब उस्ताद मोडके फ्रीज नि एसी आणून पोरांपुढे टाकतात, म्हणतात, खोला नि पुन्हा थंड करून दाखवा. कुणी चोरी केलेली, कुणी चाकू काढलेला, कुणी गोळ्या विकलेल्या—सगळी दुपारी तीन ते सहा तिथे, कोपरापर्यंत काळी. पूर्वी काय व्हायचं? तेच चेहरे पुन्हा कोर्टाच्या बाकावर. मला बघून माना खाली घालायचे, मग पुढे पुढे मानाही खाली घालेनात. आता तसं होत नाही. म्हणजे फार कमी होतं. हे लिहा तुमच्या अहवालात, ठळक लिहा.

पण नियम बघा ना तुमचा. तुम्ही नाही केला, माहीत आहे मला, पण कागद तर तुमच्याच कचेरीतून येतो. देखरेखीखाली वीस पोरं असली तर सरकारी पैसा, एकोणीस झाली की वर्कशॉपला कुलूप. म्हणजे पोरं सुधारली की आम्ही बुडालो! हसताय? मीही हसले होते पहिल्या वर्षी. तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं, ‘विचाराधीन’. बाकीच्या दोन्हींना तेवढंही नाही. मग वर्ष संपत आलं की मी आपली यादी घेऊन बसायची—हा सुटला, तो अठराचा झाला, त्याच्या बापानं घर बदललं… एकदा तर नमाजाच्या चटईवर बसून म्हटलं, या अल्ला, एखादा तरी पाठव. कळतंय का मी काय मागितलं? कुणाच्या तरी पोरानं गुन्हा करावा म्हणून दुवा! लगेच कान पकडले, तोबा केली. पण मागितलं तर होतं.

विसावं नाव? हो, मुतसिम. सोळा वर्षांचा. त्याच्यापुढे ‘बंद सुधारगृहात’ लिहिलंय, बरोबर. आत गेला तरी शिक्षा संपेस्तोवर यादीत धरतात—नियमच आहे तसा, मी नाही… काय केलं होतं त्यानं? बांधकामावरची तांब्याची तार पळवली, बस. दुसऱ्यांदाही नाही, पहिल्यांदाच. वर्षभराची देखरेख मिळाली. आणि काय पोरगा हो! अबू सुहैब म्हणायचे, ह्याला यंत्राची नाडी कळते. माझ्या घरचा फ्रीज बंद पडला तर आला, कान लावून ऐकत बसला, अर्ध्या तासात चालू. पैसे देऊ केले तर म्हणाला, मावशी, तुझ्याकडून घेतले तर आई घरात घेणार नाही.

तर वर्ष भरलं. न्यायाधीशांनी माझा अहवाल मागवला—सोडायचं की मुदत वाढवायची? तुमच्या त्या मोजणीला बारा दिवस राहिले होते आणि यादीत… काय लिहिलं? लिहिलं काय—‘आणखी सहा महिने देखरेख आवश्यक.’ एक ओळ. पोरगा हिरा होता हे मला ठाऊक असताना. मनात म्हटलं, सहा महिन्यांनी काय बिघडतंय त्याचं? इथे राहील, अजून शिकेल, आणि एकोणीस जणांचं छप्पर वाचेल. एकावर एकोणीस—हिशेब बरोबर वाटला. तुम्हाला नसता वाटला?

मग त्याच्या मामानं अकबाला काम बघितलं. हॉटेलातले एसी दुरुस्त करायचे, राहणं-जेवण तिथेच. माझ्याकडे आला परवानगी मागायला. इथे, याच खुर्चीवर बसला होता. मी म्हटलं, थांब रे महिना संपेस्तोवर. म्हणाला, मावशी, जागा थांबणार नाही. म्हटलं, तू थांब. का, हे नाही सांगितलं. काय सांगणार होते? तो गेला. अकबाच्या रस्त्यावर बस अडवली, ओळखपत्र तपासलं, आणि देखरेखीखालचा मुलगा परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर—झालं. न्यायाधीशांनी माझाच अहवाल वाचून दाखवला त्याला. ‘तुझ्या मावशीनं लिहिलंच होतं, तू अजून तयार नाहीस.’ तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही हो, रागानं असता तर बरं झालं असतं. आपलं काय चुकलं ते आठवत असल्यासारखा.

आठ महिन्यांची शिक्षा. आत दुसऱ्या महिन्यात मारामारीत त्याचा उजवा हात मोडला. नीट जुळला नाही. दोन बोटं वळत नाहीत. भेटीला गेले तर म्हणतो, मावशी, चूक माझीच, तू थांब म्हणाली होतीस.

लिहायचं का थांबलात? लिहा ना. हे बघा, हा दुसरा अहवाल—माझ्या हातचा, तीन आठवड्यांपूर्वीचा. पहिला खोटा होता असं लिहिलंय यात. रविवारी न्यायाधीश बसतात. हा दिला तर तो सुटेल बहुतेक. मीही सुटेन—नोकरीतून. आणि यादी एकोणिसावर येईल, मग खाली त्या पोरांना सांगायला कोण जाईल, तुम्ही? रोज सकाळी पर्समध्ये घालते, रोज संध्याकाळी तसाच परत आणते. कुणीकडेही पाऊल टाकलं तरी कुणाच्या तरी पोरावरच पडतं.

आणि त्याची आई! दर गुरुवारी येते धुतलेले कपडे घेऊन, शुक्रवारी मी आत पोचवते म्हणून. माझे हात धरते, म्हणते, अल्ला तुला उदंड आयुष्य देवो, माझ्या लेकासाठी तू एवढं केलंस. आणि मी—मी आमीन म्हणते, सुंदुसबाई. पंधरा गुरुवार झाले, आमीन म्हणतेय.

नका, तसं बघू नका. दया नको मला. हा कागद घ्या. तुमच्याकडेच राहू द्या. रविवारी कोर्टात तुम्हीच द्या, माझ्या पर्समधून तो काही बाहेर पडत नाही. घ्या म्हणते ना! नाहीतर फाडेन मी, माझा भरवसा नाही.

जिन्यात चपला वाजल्या. त्याची आईच, तिचाच वार आज. तुम्ही निघा—हो, आत्ताच, चहा राहू दे. दार लावू नका.

या, उम्म मुतसिम. नाही, हात नका धरू माझे. आधी बसा.