ट्रंकेतला स्वेटर

फेई मावशी : हा घे तुझा लॅपटॉप. खोली सताड उघडी टाकून थर्मास भरायला जातेस? चोरानं नेला असता म्हणजे? अद्दल घडावी म्हणून मीच उचलून माझ्या कपाटात ठेवला.

रुओलिन : तुमच्याकडे होता? तीन दिवस?

फेई मावशी : संध्याकाळी रागावून देणारच होते गं. तेवढ्यात यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा फोन आला, तशीच घरी तियेनश्वेईला पळाले. चुकलंच माझं. पण तुम्हा पोरींना कुलूप लावायला काय होतं? वसतिगृह आहे हे, मी एकटी किती खोल्यांवर लक्ष ठेवू... अगं, रडतेस कशाला? मिळाला ना?

रुओलिन : मावशी, मी च्यूमेईला तिची ट्रंक उघडायला लावली. सगळ्या मजल्यासमोर.

फेई मावशी : तुझ्याच खोलीतली ना ती? अगं बाई! आणि?

रुओलिन : लॅपटॉप नव्हता. माझा निळा स्वेटर निघाला. सगळ्या ओरडल्या, चोर, चोर. कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर फोटोही टाकला.

फेई मावशी : म्हणजे स्वेटर तिनं चोरला?

रुओलिन : नाही. कोपराला भोक पडलं म्हणून मीच तो जिन्याखालच्या कचऱ्यात टाकला होता. तिनं उचलला, धुतला, रफू केला.

फेई मावशी : मग तू तिथंच नाही का सांगायचंस?

रुओलिन : सगळ्या माझ्या बाजूनं बोलत होत्या, मावशी.

(दारात च्यूमेई उभी. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात किल्ली.)

च्यूमेई : मावशी, ही किल्ली. मला खालच्या मजल्यावर जागा मिळालीय.

रुओलिन : च्यूमेई, थांब ना. लॅपटॉप सापडला. मावशींनीच ठेवला होता. मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते. स्वेटरचंही सांगते, मीच टाकून दिला होता म्हणून.

च्यूमेई : स्वेटरचं नको.

रुओलिन : अगं, त्या तुला चोर म्हणत राहतील!

च्यूमेई : आणि सांगितलंस तर कचऱ्यातलं उचलणारी म्हणतील. अजून तीन वर्षं काढायचीत मला इथं.

फेई मावशी : पोरी, माझ्यामुळे झालं गं हे सगळं.

रुओलिन : मग मी म्हणते, मीच तुला दिला होता. दिला आणि विसरले.

च्यूमेई : विसरली होतीस?

रुओलिन : च्यूमेई...

च्यूमेई : ट्रंकेतून निघाला तेव्हा तू आधी त्याच्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. मग खाली मान घातलीस.

रुओलिन : नाही. विसरले नव्हते.