घोड्यांपाशी

नाही नाही, उठू नका, कागद देतो की — द्यायचाच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? फाइल वरच्या कप्प्यात आहे आणि त्याची किल्ली खालच्या कप्प्यात, एवढंच. बसा. ती खुर्ची नको, डुगडुगते, तिच्यावर लाँड्रीवाले बसतात, त्यांना सवय आहे. तर तुमचं औषधांचं दुकान, आणि रविवारी तुम्हीही खेळ चालवता, आणि आमची ही आता तुमच्याकडे खेळणार — म्हणून तिच्या पात्राचा कागद न्यायला आलात. बरोबर? मला बोलली नाही ती. म्हणजे घरी बोलतो आम्ही, भांडणबिंडण काही नाही — आज सकाळीच बोललो, दूध उतू गेलं म्हणाली, पुसतो म्हटलं. हे तेवढं बोलली नाही. तुम्हाला पाठवलं. असू दे.

तुमच्याकडे किती जण आहेत? चार? चार म्हणजे सुट्टीच की हो! आमच्याकडे बारा — होते, आता अकरा. खाली ग्रंथालयाच्या बाई अजून विचारतात, वर पत्ते कुटता का? मी सांगतो, नाही बाई, मी गोष्ट सांगतो, हे लोक आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. मग जिंकतं कोण, म्हणतात. कोणी नाही म्हटलं की अशा बघतात, जणू मी पुस्तक हरवलंय. पण बारा जण म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. सुरुवातीला नुसता गोंधळ. गणिताचे सर दारावर कुऱ्हाड घालतायत, त्याच वेळी दोघी नर्सबाई त्याच दारामागे कोण आहे याच्याशी वाटाघाटी करतायत, लाँड्रीवाले तिसऱ्याच गावात. मी बस डेपोत वेळापत्रकं करतो, एकवीस वर्षं झाली. मला असलं बघवत नाही. मग नियम केले. कोणी शिकवलं नाही, माझे मीच केले, वहीत लिहून काढले, चार वेळा खोडले. प्रत्येकाला वाळूचं घड्याळ, एक मिनिट. वाळू संपेपर्यंत बोलला नाहीत, तर तुमचं पात्र त्या फेरीपुरतं मागं थांबून घोडे राखतं. कुणी आलंच नाही तरी तेच — घोड्यांपाशी. म्हणजे कुणाचं पात्र मरत नाही, हरवत नाही, कुणाचा अपमान नाही. चोख नियम. सगळ्यांना पटला.

हिला? हिलाही पटला असणार. तोंडातून ब्र काढला नाही तिनं. हिचं काय आहे, हिला आधी विचार करावा लागतो. भाजी घ्यायला गेली तरी ढिगासमोर उभी राहते, भाजीवाला तिघांना उरकतो. आणि पात्र घेतलं कुलूप उघडणारीचं — आता कुलूप का मिनिटात उघडतं? ओठ हलायला लागायचे आणि वाळू संपायची. मी म्हणायचो, घोड्यांपाशी, आणि पुढच्याकडे वळायचो. नियम म्हणजे नियम, बायको म्हणून सूट दिली तर उद्या सर म्हणतील मलाही द्या. दारं काय, सरांच्या कुऱ्हाडीनं उघडत होतीच.

नाही, गैरहजर कुठं? यायची की. दर रविवारी माझ्याबरोबरच यायची, पेन्सिली तासून आणायची सगळ्यांसाठी. ही बघा वही, मी सगळं लिहितो — कोण किती वेळा बोललं, फासा काय पडला. हा हिचा रकाना. हजर, घोड्यांपाशी. हजर, घोड्यांपाशी. खाली बघा, तेच. एकोणीस रविवार. गेल्या महिन्यात बेरजा करायला बसलो तेव्हा — सरळ दिसतो ना रकाना? एकही खाडाखोड नाही. मी तो बराच वेळ बघत बसलो होतो.

एकदाच बोलली ती. तिची पाळी, वाळू निम्मी होती, म्हणाली, "अहो, या घोड्यांची नावं काय आहेत?" आणि सगळे हसले. वाईट नाही हो हसले, आपलं सहज. मी म्हटलं, घोड्यांना नावं नाहीत, तुझं पात्र काय करतंय ते सांग. तर वाळू संपली. पुढचा रविवार तिचा शेवटचा. जाताना खालच्या बाईंशी हसून बोलली, मला वाटलं, बरं वाटत नसेल म्हणून पुढं येत नसेल. सहा रविवार बरं वाटत नाही कुणाला? नाही वाटत. मला कळायला पाहिजे होतं. तुमच्याकडे बोलते का? — बोलते. बरं. बरं झालं.

हा घ्या. नाव, कौशल्यं, जखमा — जखमा शून्य, कशा होणार! मागं काय लिहिलंय हे? हिचंच अक्षर. थांबा हं. चष्मा — बारीक लिहिलंय. घोडे आहेत. बारा. नावं दिलीत हो सगळ्यांना. हा सरांचा, "चावरा, पण गूळ दिला की ऐकतो." हा एका नर्सबाईंचा, "उजव्या मागच्या पायानं लंगडतो, आज पाला बांधला." पुढं तारखा आहेत. रविवारच्या. "आज पाणी लांबून आणलं." "आज एकटीनं कोल्हा हुसकला." "आत आरडाओरडा ऐकू येतो, कुणी बाहेर येत नाही." सगळं लिहिलंय. अहो, मी समोरच बसलो होतो, मला वाटायचं ही कागदावर रेघोट्या मारतेय.

शेवटच्या रविवारी — "वाट बघून दमले. बाराही घोड्यांचे दोर सोडले. माझ्या घोडीवर बसून निघाले, बाकीचे कळप करून मागून आले."

म्हणजे घोडे नाहीत. सहा आठवडे आमचे अकरा जण खेळातल्या किल्ल्यात आत लढतायत आणि बाहेर घोडे नाहीत. आणि आज त्यांना घोड्यांवरूनच पळायचंय, मागं चारशे सैनिक लावलेत मी, नकाशा काढलाय, पाच दिवस बसून. नाही, खोडता येत नाही. खेळणाऱ्यानं आपल्या कागदावर, आपल्या पाळीत लिहिलं, ते घडलं — हा पण माझाच नियम. एकोणीस रविवारच्या पाळ्या होत्या तिच्या. तिनं सगळ्या घेतल्या, मीच ऐकल्या नाहीत.

घ्या, हा कागद तुमचा. म्हणजे तिचा. नीट न्या, दुमडू नका. तिला सांगा — नको, तुम्ही काही सांगू नका, घरीच आहे ती, मी विचारीन नावं कशी सुचली. वाळूचं घड्याळ लावणार नाही. जिन्यात पायांचा आवाज येतोय, सर असतील, ते नेहमी आधी येतात. निघा तुम्ही आता, मागच्या दारानं. मला अकरा माणसं पायी बाहेर काढायचीत.