कुणाचं कोकरू

(जत तालुक्यातली वस्ती. भर दुपार. मेंढरं बाभळीखाली बसलेली. अंगणात पुण्याहून आलेली माया, तिचा चुलतभाऊ धुळा आणि धुळाची आई सुलाबाई.)

धुळा : न्हाई म्हंजे न्हाई! बाटल्यांची अदलाबदल माझ्या हातनं झाल्याली न्हाई.

माया : दादा, तू केलीस असं मी म्हणत नाहीये. झाली असेल का, एवढंच विचारतीये.

धुळा : एकच की गं ते! पुण्यास्नं आलीस, अजून च्या बी घेतला न्हाईस, आन् लगीच, "दादा, बावीस वर्सामागं चिठ्ठ्या चुकल्या का?"

सुलाबाई : अरं, टेकू तर दे तिला. कसल्या बाटल्या गं माया? त्या रगताच्या?

माया : व्हय काकू. दुष्काळाच्या साली मी आपल्या मेंढरांचं रक्त घेऊन गेले होते ना, त्याच.

सुलाबाई : आटवतंय की. मेंढरं वाळून काटकी झाल्याली, आन् तू सुई घिऊन त्यांच्या मागं. मी धुळ्याला म्हनलं, ह्या पोरीला शिकवून आपलं काय तरी चुकलं बग.

धुळा : मी धरायचो, ही रगत काढायची, आन् बाटलीवर चिठ्ठी मी लावायचो. तिचा कागद छापून आला, त्यात शेवटाला माझं नाव हाय. लॅमिनेशन करून भितीला लावलाय. मला विंग्रजी येत न्हाई, पर कंच्या वळीत 'धुळा' हाय ते झोपंत सांगंन.

माया : त्याच कागदासाठी आले, दादा. माझी नोकरी, परदेश, सगळं त्याच्यावर उभं आहे. कॉलेजच्या पुस्तकात धडा आहे त्याच्यावर.

सुलाबाई : एवढं हाय तरी काय त्यात? तू कवा सांगितलंच न्हाईस.

माया : तुम्ही कधी विचारलं नाही.

सुलाबाई : आता इचारते की. सांग.

माया : बघ, प्रत्येक जितराबाच्या रक्तात एक खूण असते. बापाची नाही, नुसती आईची. आजीची आईला, आईची लेकीला, जशीच्या तशी.

सुलाबाई : आमच्या माहेरच्या बायकांच्या हनुवटीला खड्डा हाय, तसं?

माया : तो बापाकडनंही येतो. ही फक्त आईकडनं. लय लय पिढ्यांनी तिच्यात एखादा ठिपका बदलतो. ते ठिपके मोजले की कळतं, ही मेंढरं मूळची कुठली, कुणाशी त्यांचं नातं. ते मोजणं हेच माझं काम.

सुलाबाई : म्हंजे तू मेंढरांची वंशावळ सांगनारी भाट हायेस.

माया : तसंच समज! तर काय झालं, आपल्या कळपातल्या अकरा कोकरांची खूण आईपेक्षा वेगळी निघाली. एकाच पिढीत! आणि अकराही दुष्काळाच्या सालातली. आदल्या साली एक नाही. मग मी लिहिलं, जगणं अवघड झालं की वंश घाईघाईनं बदलतो. जगभर गाजलं ते.

धुळा : मग बरं झालं की. आता कुठं बिनसलं?

माया : माझ्याकडे रेश्मा म्हणून एक हुशार विद्यार्थिनी आहे. तिनं त्याच जुन्या बाटल्या बर्फातनं काढल्या आणि नव्या मशीनवर नुसती खूण नाही, सगळं रक्त तपासलं. मला तेव्हा ती सोय नव्हती. खूण-बिण काही बदललेली नाही, दादा. ती अकरा कोकरं त्या मेंढ्यांची नव्हतीच.

धुळा : म्हंजे आलं माझ्यावरच.

माया : सोमवारी मला जर्नलला पत्र पाठवायचंय. संशोधन मागं घेते म्हणून. त्यात कारण द्यावं लागतं. रेश्मा म्हणाली, लिहा, नमुने गोळा करणाऱ्याकडून चूक झाली.

धुळा : गोळा करनारा म्हंजे मी. जिथं माझं नाव छापलं, तिथंच आता माझी चूक छापनार. अगं, अडीचशे मेंढरांत एक कमी आसलं तर मोजायच्या आदी कळतंय मला! मी मेंढरू वळखंना? लय वंगाळ वाटलं बग, माया. दुसऱ्या कुनी म्हनलं आसतं तर उठवून लावला आसता.

माया : मलाही बरं वाटत नाहीये. म्हणून फोन नाही केला, समोर आले.

सुलाबाई : वरडू नगा दोगं. कंची ती अकरा? वाच बगू.

माया : थांब, वही काढते. सात नंबर. काळ्या कानाचं कोकरू. आई, चितळी.

सुलाबाई : मग बरूबर हाय. चितळीचंच ते.

माया : रक्त नाही म्हणतंय, काकू.

सुलाबाई : रगताला काय ठावं? चितळीचं कोकरू तिसऱ्या दिशी मेलं. तिकडं भुंडीला चारा न्हाई, पार आटल्याली. तिचं काळ्या कानाचं उपाशी वरडायलं. मग चितळीच्या मेलेल्या कोकराचं कातडं काडलं आन् ह्या उपाशी पिलाच्या पाटीवर बांधलं. चितळीनं आपल्या पिलाचा वास हुंगला, दोनदा लाथाडलं, तिसऱ्यांदा पाजलं. तवापासनं चितळीचंच झालं ते.

माया : थांब थांब. म्हणजे व्यालं कोण?

सुलाबाई : व्याली भुंडी.

माया : मग चितळीचं का सांगितलंत?

सुलाबाई : तू इचारलंस काय?

धुळा : म्या सांगतो काय इचारलंस. "दादा, हे कुणाचं?" दर कोकराला हेच. कुनाचं म्हंजे, सांजंला कोकरं सोडताना कुनाखाली सोडायचं. म्या सांगितलं. एक चुकलं आसंल तर दाव!

माया : कुणाचं... अरे देवा. तेरा नंबर? आई, लंगडी लिहिलीय.

सुलाबाई : लंगडीला दिल्यालं. व्याली मोरी. ती टँकरच्या वाटंवर मेली बग, हौदापतुर सुदिक पोचली न्हाई.

माया : आणि आदल्या साली? कातडं बांधून कुणाचं कुणाला दिलं होतं?

सुलाबाई : आदल्या साली पाऊस झालता, बाय. आयांना दूध व्हतं. कशाला कुनाचं कुनाला द्यायचं?

माया : म्हणून सगळी दुष्काळातलीच! निसर्गानं घाई केलीच नव्हती, काकू. तुम्ही केली होती.

सुलाबाई : मग काय मरू द्यायची?

धुळा : पर माया, तू ह्याच घरातली. कुनाचं म्हंजे काय, एवढं ठावं नव्हतं व्हय?

माया : आठवीपासून मी सांगलीच्या वसतिगृहात, दादा. सांजंला कोकरं सोडायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. शब्द घरचा होता, म्हणून वाटलं मला कळतोय. परक्या गावात असते तर दहादा विचारून घेतलं असतं.

धुळा : मग आता पत्रात काय लिवशील?

माया : लिहीन की उत्तरं सगळी बरोबर होती. प्रश्न चुकला. आणि प्रश्न विचारणारी मी.

धुळा : तुझी नोकरी?

माया : ती राहील. धडा जाईल पुस्तकातला. सभेत उठून कुणीतरी हसेल. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू? बावीस वर्षं मी तेच सांगत फिरले.

सुलाबाई : सगळंच मातीत गेलं म्हन की.

माया : नाही, तेच बघतीये मी. काकू, उरलेल्या नवांची व्यालेली आई तुला आठवते?

सुलाबाई : न आटवायला काय झालं? कातडी म्याच बांधली न्हवं.

माया : मग मला नीट कळू दे. दुसरीचं दूध पिऊन किती जगली? त्यांचा वंश आज कळपात आहे का? हे कुणी मोजलेलंच नाही गं! आम्ही रक्त मोजत बसलो, आणि दुष्काळात कळप तरला तो कातड्यानं.

धुळा : ती बग, बाभळीच्या बुडाला बसल्याली, काळ्या कानाची. त्याच वळणाची हाय.

माया : तिचंही रक्त घेईन उद्या. तू धरशील?

धुळा : चिठ्ठी पर मीच लावनार.

माया : तूच लाव. काकू, हे बघ, वहीत आता दोन रकाने केलेत. एक व्यालेलीचा, एक पाजणारीचा.

सुलाबाई : पाजनारीचा आदी घाल.

माया : घातला.

धुळा : मग माया, भितीवरचा त्यो कागद काढू का आता? खोटा ठरला न्हवं त्यो.

माया : नको, राहू दे. त्याच्या शेजारी एक खिळा मारून ठेव.