कडा चढल्याची साक्ष

हसताय काय? मी कडा चढले, हे आमच्या गडब गावात एकाही बाईला पटत नाय! खाडीवरच्या रानात तो कडा हाय. शहरातल्या पोरांनी चढायला त्यात लोखंडी कड्या ठोकल्यात. आम्ही नवरा-बायको तिथं चहा-भाकरी विकतो. परवा त्यांतली एक पोरगी म्हणाली, "मावशी, ही वाट एकदम सोपी आहे. चढता?"

मी साडीचा काष्टा मारला, कमरेला त्यांचा पट्टा बांधला. पोरीनं खालून दोर धरला आणि मी पार वरच्या कडीला हात लावून आले.

पोरं निघून गेली. साक्षीला उरले एकटे आमचे हे. बायकांनी त्यांना रस्त्यातच गाठलं.

"भावजी, ही खरंच चढली?"

"मला नाय ठाव."

"तुम्ही खालीच व्हतात ना?"

"व्हतो की! पन ही पडली तर बघवनार नाय, म्हनून ही उतरेपर्यंत डोळं गच्च मिटून व्हतो."

बायका हसून हसून लोळायच्या बाकी. एकीनं मलाच डिवचलं, "मग आता चूक कुनाची गो?"

लग्नापासून उखाण्याशिवाय मी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाय. पण त्या दिवशी भर रस्त्यात ओरडले,

"नारायणाची!"