उभ्या मामांचा फोटो

आमच्या मामांचा क्लेम कसा पास झाला, ते ऐक गड्या. मामा फौजेतनं रिटायर झालेले. अथणीजवळ कर्नाटकातल्या एका ट्रकनं त्यांना उडवलं, मांडीचं हाड मोडलं. भरपाई मागितली तर ट्रकचे विमावाले सांगलीत म्हणायचे कर्नाटकात जावा, तिथले म्हणायचे सांगलीला जावा. शेवटी चौकशीला विम्याचा एकजण आटपाडीला घरी आला. साहेब आले म्हटल्यावर मामा सवयीनं दाराची चौकट धरून ताठ उभे. त्यानं फोटो काढला, चौकटीवरचा हात तेवढा वगळला, आणि वर कळवलं, "माणूस आरामात उभा राहतो." क्लेम नामंजूर.

मग आमी सांगलीत विश्रामबागच्या विमा ऑफिसात गेलो. मोठे साहेब आत आले, तसे मामा परत उठले. सॅल्यूट मारायला हातातली काठी सोडली आणि आडवे झाले. सगळं ऑफिस धावलं. मामा फरशीवरनंच शांतपणे म्हणले, "उभा हुतो तवा फोटू काढलासा, आता ह्यो बी काढा."

साहेबांनी मामांना उचलून खुर्चीत बसवलं, समोर बसले. म्हणले, "पास करतो." जिवाला लय बरं वाटलं. साहेब पेन आणायला उठले, तर मामा बी उठायला लागले. मी खांदा दाबून धरला, "आवं मामा, आधी सही हू द्या."