अप्पांचा पासवर्ड

हॅलो? … अक्का? आवाज तुटतोय तुमचा… हां, चित्राच बोलतेय. … कुठे? एग्मोर स्टेशनला उतरलात? अहो, मग घरी नाही का यायचं आधी! … थेट तांबरमच्या वृद्धाश्रमाकडे? टॅक्सीत बसलातसुद्धा?

नाही, नाही… अक्का, ऐका ना… ऐका तर! त्या वृद्धाश्रमाला आजच हो सांगायचं, हे ठरवलं कुणी? … एकच खोली उरलीय म्हणून? अहो, खोली उरलीय म्हणून माणूस पाठवायचा का! … तुम्ही त्याला काहीही इंग्लिश नाव द्या, मला कळतं ते काय आहे.

नवीनने सांगितलं ना? वाटलंच. तुमचा भाऊ काल संध्याकाळी ऑफिसमधून आला, अप्पा कम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेले, पासवर्ड लागत नाहीये एवढं ऐकलं की लगेच बेंगळुरूला फोन. बायकोला एका शब्दाने विचारलं नाही. … हो, लागत नाहीये. … नाही, अजून नाही. सकाळी इतक्या वेळा चुकला की कम्प्युटरच म्हणाला, आता थांबा, नंतर या. … तोच. तोच म्हणतात टाकतोय, वर्षानुवर्षं तोच आहे.

बरं, मला सरोजा म्हणाले, म्हणाले असतील! बायकोचं नाव जन्मभर तोंडात बसलेलं. तुमचा भाऊ तनयाला हाक मारताना आधी माझं नाव घेतो, मग तुमचं, मग कुठे लेकीचं. त्याला कुठल्या आश्रमात ठेवू? …

अक्का? … आहात ना? … हो. माहीत आहे मला. अम्मांनी शेवटी तुम्हाला ओळखलं नाही. दारात उभ्या होतात तुम्ही, आणि त्या म्हणाल्या, ही कोण बाई आलीय… मी तिथेच होते हो. तुम्हाला भीती वाटते, मग मला नाही वाटत? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या.

पण हा माणूस काल दुपारी तंजावरच्या जनकोजीमामांना बुद्धिबळात हरवत होता! ह्याच कम्प्युटरवर! रोजचा डाव आहे त्यांचा. … हरवत होते म्हणजे काय, मामा चिडून फोन करतात मला!

हळू बोला जरा, स्पीकरवर आहात… आत्ता? अप्पा पिशवी भरतायत. … खरंच सांगतेय. नवीन सकाळी बोलून गेला त्यांच्याशी. तेव्हापासून कपाटातल्या नेसायच्या वेष्ट्या काढून पिशवीत रचतायत. अम्मांचा फोटो टॉवेलमध्ये गुंडाळलाय. मी म्हटलं, अप्पा, हे काय चाललंय? तर म्हणाले, पोदुम मा, पुरे झालं. माझा मलाच भरवसा राहिला नाही, हरीला कशाला त्रास… तुमचंच नाव घेतलं हो, अक्का.

कुठवर आलात? … गिंडी? मग थांबवा ना टॅक्सी कडेला! … ओरडू दे ड्रायव्हरला. म्हणावं, वेटिंगचे घे. … हे बघा, कम्प्युटरने पुन्हा पासवर्डची चौकट दाखवलीय. एकदा बघू दे मला. एकदाच. मग जा तुम्हाला जायचं तिथे.

अप्पा… अप्पा, या ना. बसा इथे. … असू दे पिशवी. माझ्यासाठी एकदा. … बसले हो, अक्का. … आता मी भिंतीकडे बघतेय. तुम्हाला माहितीये ना त्यांचं, पासवर्ड टाकताना घरादाराने तोंड फिरवायचं. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या, ती सवय. कीबोर्डवरसुद्धा पंचा धरतात! … टाकला. … … नाही. चुकीचा म्हणतोय.

अहो, अक्का, लगेच ‘बघितलंस’ काय! … तुम्ही नका रडू, ते बघतायत माझ्याकडे. … थांबा. थांबा हं. त्या चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं. ते दाबलं की टाकलेली अक्षरं दिसतात. अप्पा, परत टाका, आणि ह्या वेळी मला बघू द्या. … नको म्हणतायत. कुणाला दाखवायचा नसतो म्हणे. … अप्पा, माझ्यावर नंतर रागवा, आठवडाभर बोलू नका! पण उद्या तुम्ही इथे नसलात तर तो पासवर्ड जपून करायचाय काय? …

… पंचा काढला त्यांनी. … टाकतायत. … झालं. दाबते हं डोळा…

अय्यो! अक्का! … अहो, हे तमिळ आहे! … अप्पा नाही हो, कम्प्युटर! हे बरोबर बटणं दाबतायत, आणि तो तमिळ अक्षरं उमटवतोय! नुसते ठिपके दिसतात, कुणाला कळणार! खाली कोपऱ्यात बघितलंच नाही कुणी, कीबोर्ड तमिळवर आहे.

तनया! … तनया, इकडे ये आधी. काल तुझा तमिळचा प्रोजेक्ट कशावर टाइप केलास? … अप्पांनी उघडून दिला होता, आणि तू कीबोर्ड तसाच ठेवून उठलीस? … आता जीभ चावून काय उपयोग! … ऐकलंत, अक्का? काल संध्याकाळी!

हां, केला इंग्लिशवर. अप्पा, टाका. … बघत नाही, हे बघा, भिंतीकडे तोंड. … अक्का, बोलू नका. … …

उघडला! उघडला, अक्का! पहिल्या झटक्यात! … जनकोजीमामांचे निरोपावर निरोप पडलेत… अप्पा? अप्पा, अहो, डोळे पुसा… हो, हो, विसरला नव्हतात तुम्ही. काही विसरला नव्हतात.

… काय? देते. अप्पा, अक्काला बोलायचंय. … नको म्हणतायत. … नाही हो, रागावलेले नाहीत… बरं, रागावलेत. मग काय पेढे वाटतील? आपण सगळ्यांनी एका रात्रीत त्यांना येडं ठरवलं. त्यांनी स्वतःसुद्धा. … रडा, रडा, मीही रडतेय. पण ड्रायव्हरला सांगा, वंडी तिरुप्पुंगो. गाडी वळवा, पेरुंगुडीला घरी या. … त्या लोकांना काय सांगायचं? सांगा, माणूस नाही आमच्याकडे द्यायला.

थांबा, काहीतरी म्हणतायत. … काय, अप्पा? … पिशवी? मी लावते ना परत कपाटात. … बरं. बरं, सांगते.

अक्का, ते म्हणतायत, पिशवीला कुणी हात लावायचा नाही, दारातच राहू दे. … म्हणतायत, हरी येतेय ना? तिच्या हाताने परत लावू दे.

… हो. या लवकर. ठेवते.